तिसऱ्या मजल्यावरचे नॉर्मन-सान

नवीन बिऱ्हाड आलं की शेजारीपाजारी चहा घेऊन जातात, ही माझी कराडची समजूत. तोक्योच्या फुनाबोरीत नेमकं उलटं. तिथे नव्यानं आलेल्यानंच शेजाऱ्यांच्या दारात जायचं, वाकायचं, ‘आमचा तुम्हाला त्रास होणार आहे, आधीच माफ करा’ म्हणायचं आणि हातात एक टॉवेल ठेवायचा. हे आम्हाला कोण सांगणार? २०११च्या मोठ्या भूकंपाला आणि त्सुनामीला दीड वर्ष झालं होतं. माझ्या नवऱ्याच्या, अनिरुद्धच्या कंपनीतले बरेच जण घाबरून पुण्याला परतले होते, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर आमची रवानगी झाली होती. आम्ही चौथ्या मजल्यावर आलो, खोकी उघडली, कुकरच्या शिट्ट्या काढल्या आणि कोण चहा घेऊन येतंय याची वाट बघत बसलो. चार दिवस कुणी फिरकलं नाही. कसली माणूसघाणी माणसं ही, असं मी आईला फोनवर सांगूनही टाकलं.

पाचव्या दिवशी बेल वाजली. दारात साठीचा एक गोरा गृहस्थ उभा. टक्कल, पांढऱ्या मिशा, शर्टाच्या बाह्या उसवतील की काय असे दंड आणि पायात लोकरीच्या सपाता. हातात पाच टॉवेल होते, प्रत्येक टॉवेल पांढऱ्या कागदात गुंडाळलेला आणि वर जपानीत काहीतरी लिहिलेलं.

“मी नॉर्मन. तुमच्या पायाखाली राहतो,” ते इंग्रजीत म्हणाले. “हे तुमचे टॉवेल.”

“आम्ही नाही मागवले.”

“ठाऊक आहे. म्हणून तर आणले. वरचे एक, दोन्ही बाजूंचे दोन, खालचे आम्ही आणि इमारतीच्या मंडळाचे अध्यक्ष इशिदा-सान. तुमचं आडनाव माझ्या बायकोनं लिहिलंय. आजच जाऊन या. आठवड्याच्या आत गेलं तर उशीर झाला असं कुणी म्हणत नाही.”

“पण यातला एक तुम्हालाच द्यायचा?”

“अर्थात. मी खाली जातो. तुम्ही दहा मिनिटांनी या. मला आश्चर्य वाटेल.”

आम्ही गेलो. त्यांनी दार उघडलं, डोळे मोठे केले, कमरेतून वाकले आणि स्वतःच विकत आणलेला टॉवेल दोन्ही हातांनी असा स्वीकारला की जणू आयुष्यात पहिल्यांदाच टॉवेल बघतायत. त्यांच्या मागे त्यांची बायको, काझुको-सान (सान म्हणजे आपलं राव किंवा बाई), तोंडावर हात धरून हसत होत्या. हसण्याचा आवाज म्हणून काही नाहीच. मग त्या माझ्याशी दोन वाक्यं बोलल्या तर मला तीनदा “आं?” करावं लागलं. इतक्या हळू बोलणारी बाई मी आजवर पाहिलेली नाही.

हा मनुष्य कोण, हे आम्हाला कळलं ते पार्सलवाल्यामुळे. एके दिवशी त्यांच्या दारात तो पाकीट घेऊन आला होता. मी जिन्यातून उतरत होते. पाकिटावरचं नाव आणि समोरचा चेहरा त्यानं दोनदा ताडून पाहिला आणि पन्नाशीचा तो माणूस, बघता बघता रडायलाच लागला हो! डोक्यावरची टोपी काढून त्यानं सहीसाठी पुढे केली. संध्याकाळी मी अनिरुद्धला हे सांगितलं आणि पाकिटावर वाचलेलं पूर्ण नावही सांगितलं. तो जेवता जेवता उठला. इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये याच माणसाची कॅसेट ऐकून ऐकून त्यानं एक सेमिस्टर घालवलं होतं म्हणे. “मीनल, अगं त्यांच्या डोक्यावर आपण कपडे आपटतोय!” असं म्हणून तो घरभर चवड्यांवर चालायला लागला. त्यानं मला एक जुना व्हिडिओ दाखवला. कमरेपर्यंत केस मोकळे सोडलेला एक दांडगा तरुण, भोवती ढोल-झांजांचा डोंगर आणि पायांशी दोन मोठे ढोल. तो काय वाजवत होता देव जाणे. मला तरी गोदामातली पिंपं जिन्यावरून कुणीतरी सोडून दिल्यासारखं वाटलं. गाढवाला गुळाची चव काय, असं अनिरुद्ध पुटपुटला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्यांचं आयुष्य त्यांच्याकडून कधीच सलग ऐकायला मिळालं नाही. कचऱ्याचे वार चुकू नयेत म्हणून ते मला बाटल्या कुठे, डबे कुठे हे शिकवायचे, तेव्हा मध्येच एखादा तुकडा पडायचा. इंग्लंडच्या मधल्या भागातलं कारखान्यांचं गाव. वडील लोखंडी नळ्यांच्या कारखान्यात, आणि सोळाव्या वर्षापासून हेही तिथेच, नळ्या ठोकून सरळ करणाऱ्या यंत्रापाशी. “त्या यंत्राला ताल उत्तम होता,” ते म्हणायचे, “फक्त त्याला थांबता येत नव्हतं.” मग चार दोस्त, एक गळकी व्हॅन, गुत्त्यांमधून वाजवणं, मग मोठी सभागृहं, मग मैदानं. हेवी मेटल म्हटल्यावर मी विचारलं, एवढा कसला राग होता तुम्हाला? त्यावर त्यांनी बाटलीचं झाकण वेगळ्या पिशवीत टाकलं आणि म्हणाले, “जोरात वाजवायला राग पुरतो, मीनल-सान. वेळेवर वाजवायला माणूस लागतो.”

या सगळ्यात उजवा कान गेला होता आणि डावा निम्मा उरला होता. त्यामुळे बोलताना ते तुम्हाला खांद्याला धरून अलगद डाव्या बाजूला आणायचे. जपानी बोलणं बायकोकडून शिकलेलं, तेही निम्म्या कानानं, त्यामुळे ते अगदी बायकी नाजूक. एवढा आडदांड माणूस मासळीवाल्याशी मंगळागौरीला आलेल्या सवाष्णीसारखं बोलायचा आणि दुकानातले लोक माना खाली घालून हसू दाबायचे. त्यांना ते ठाऊक होतं. “मासा मात्र ताजा मिळतो,” ते म्हणायचे.

रोज दुपारी चार ते पाच ते सराव करायचे. त्या खोलीत मी एकदाच गेले. जमिनीवर टेनिसचे चेंडू अर्धे कापून पालथे मांडलेले, त्यांवर प्लायवूडची फळी आणि त्या फळीवर ढोलांच्या जागी रबराच्या थाळ्या. चेंडूंमुळे हादरा खाली जात नाही. तासभर घामाघूम होऊन हा माणूस वाजवायचा आणि बाहेर जाणारा आवाज किती, तर शेजारच्या घरात कुणी पोळ्या लाटतंय इतका. मी विचारलं, बँड सुटून इतकी वर्षं झाली, आता हे कशासाठी?

“बोलावलं तर?” ते म्हणाले.

बँड सुटला कसा, हे काझुको-साननी सांगितलं. मी खुर्ची त्यांच्या तोंडाशी नेऊन ऐकलं. ज्या आठवड्यात भूकंप झाला, त्याच आठवड्यात बँडचे तोक्योत कार्यक्रम होते. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं सगळ्यांच्या हातात परतीची तिकिटं दिली. काझुको-सानची आई वर उत्तरेला, तोहोकूच्या किनाऱ्यावर, त्सुनामीत घर गेल्यामुळे शाळेच्या व्यायामशाळेत घोंगडी पांघरून बसलेली होती. नॉर्मन-साननी तिकीट परत केलं. दोघं वर गेले आणि हे तीन महिने लोकांच्या घरांतला चिखल फावड्यानं उपसत राहिले. युरोपातला दौरा तोंडावर होता. बँडनं दोनदा निरोप पाठवला, आणि तिसऱ्यांदा निरोपाऐवजी बातमी आली की त्यांच्या जागी एक तरुण मुलगा बसला. पंचवीस वर्षांची जागा अशी गेली. सासूबाई दीड महिन्यानं वारल्या. त्यानंतरही हे तिथल्या चिखलातच होते. याबद्दल त्यांच्या तोंडून कडू शब्द मी कधी ऐकला नाही, पण चार ते पाचचा सरावही एक दिवस चुकलेला पाहिला नाही. त्यांना ती जागा परत हवी होती. दुसरं काही नको होतं.

आता माझी स्वतःची लाज सांगते. आमच्या लिफ्टमध्ये एकदा सूचना लागली. रोज सकाळी सव्वासहाच्या सुमारास तिसऱ्या-चौथ्या मजल्याकडून जमिनीवर काही आपटल्याचा आवाज येतो, कृपया परस्परांचा विचार करावा. नाव कुणाचंच नाही. तिकडे नाव घालत नाहीत, नुसती सूचना लावतात आणि सगळे जण एकाच दाराकडे बघतात. इमारतीत ढोल वाजवणारा कोण? ठरलंच की! त्याच संध्याकाळी नॉर्मन-सान टॉवेलचा गठ्ठा घेऊन निघाले. दहा दारं, दहा वेळा वाकणं. आमच्याही दारात आले. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणते कशी, “जरा सांभाळा हं. आमची मुलगी झोपलेली असते सकाळी.”

“हो. सांभाळतो,” ते म्हणाले आणि वाकले.

पुढच्या आठवड्यात मला ताप आला. चार दिवस मी अंथरुणात, आणि चार दिवस इमारत शांत. इशिदा-साननी म्हणे नॉर्मन-सानचे आभार मानले. पाचव्या दिवशी मी उठले, सव्वासहाला स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसकण मारली आणि कराडहून आणलेल्या लोखंडी खलबत्त्यात शेंगदाणे कुटायला घेतले. मिक्सरमध्ये कूट तेलकट होतं, म्हणून मी रोज कुटायचेच. आठ-दहा ठोके झाले असतील. बेल वाजली. दारात नॉर्मन-सान, हातात फळीचा एक चौकोनी तुकडा आणि त्याला खालून चिकटवलेले चार अर्धे चेंडू.

“हे खाली ठेवा,” ते म्हणाले.

माझ्या हातात बत्ता होता. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. “तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. ठोका चांगला आहे तुमचा. पण तिसऱ्यानंतर घाई करता.”

“मग बोलला का नाहीत? चोर सोडून संन्याशाला फाशी झाली की!”

“पहिली तक्रार नव्या माणसाच्या नावावर लागली की ती कायमची लागते. तुम्ही परदेशी, त्यात नवीन. माझं काय? ढोलवाल्यानं आवाज केला, यात कुणाला नवल नाही.” मग खलबत्त्याकडे बघून म्हणाले, “त्यात काय असतं?” मी वाटीभर कूट, मीठ आणि तिखट घालून दिलं. ते त्यांनी टोस्टवर लावून खाल्लं आणि पुढची पाच वर्षं दर रविवारी वाटी परत करायच्या मिषानं दारात येत राहिले.

आमचं तिथलं शेवटचं वर्ष होतं तेव्हा ते पत्र आलं. बँड निवृत्त होणार होता आणि शेवटचा कार्यक्रम तोक्योत ठरला होता. जुन्या दोस्तांनी लिहिलं होतं की त्या रात्री तुझ्या जागी तूच बस, सगळी गाणी तूच वाजव. तो तरुण मुलगाही आनंदानं उठायला तयार होता. नॉर्मन-साननी जिन्यात मला ते पत्र दाखवलं. मी तर टाळ्याच वाजवल्या. ते हसले आणि मग म्हणाले, “डॉक्टरांकडे जाऊन येतो.”

डॉक्टर नदीपलीकडे, कोतो भागात. त्यांनी स्वच्छ सांगितलं, कानात बोळे घातले तरी एवढा दणका हाडांतून आत जातोच. दोन तास वाजवलंत तर राहिलेला निम्मा कान बहुतेक जाईल. नंतर यंत्र लावूनही उपयोग नाही, कुणी ओरडलं तरच जेमतेम काही ऐकू येईल.

कार्यक्रमाला दोन महिने होते. नॉर्मन-सान हो म्हणेनात, नाही म्हणेनात. सराव एक तासाचा तीन तास झाला. एकदा मी न राहवून विचारलंच.

“तीस वर्षं ती माझ्याशी याच आवाजात बोलतेय,” ते म्हणाले. “भांडलीसुद्धा याच आवाजात. आता सत्तरीला आल्यावर तिला ओरडायला लावू?”

हे काझुको-साननी ऐकलं असावं. कारण दोन दिवसांनी त्या एकट्या माझ्या दारात आल्या. आत आल्या, गुडघ्यांवर बसल्या, दोन्ही हात जमिनीवर टेकून वाकल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मी “आं?” केलं. त्यांनी परत सांगितलं.

“मीनल-सान, मला ओरडायला शिकवा.”

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. “मीच का?” मी विचारलं.

“तुम्ही गॅलरीतून मुलीला हाक मारता. सगळ्या बागेला ऐकू जाते.” त्यांना ते कौतुकानं म्हणायचं होतं, यात शंका नाही.

मग आमची शिकवणी सुरू झाली. आराकावा नदीच्या बांधावर, सकाळी नवानंतर, बेसबॉल खेळणारी मंडळी नसतात तेव्हा. पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडून जे निघालं त्यानं चिमणीसुद्धा उडाली नसती. मी म्हटलं, घशातून नाही, पोटातून! मी कमरेवर हात ठेवून, कराडला शेतावरच्या माणसाला घालतात तशी हाक घालून दाखवली. सायकलवरून जाणारे एक आजोबा ब्रेक लावून थांबले आणि काझुको-साननी लाजेनं पदर नसताना पदर ओढल्यासारखं केलं. चौथ्या दिवशी आवाज पाण्यापर्यंत गेला. दहाव्या दिवशी त्यांनी डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि “नॉऽऽर्मान!” अशी हाक दिली की मीच दचकले. हाक मारून झाल्यावर त्या स्वतःच घाबरून माझा हात धरून उभ्या राहिल्या. आणि मग हसल्या, चक्क आवाज करून हसल्या.

“आता ते वाजवू शकतील,” त्या म्हणाल्या.

पण झालं भलतंच. नॉर्मन-सान त्याच वेळी डॉक्टरांकडून सायकलवरून परत येत होते. पुलावर होते. संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं, खांद्याला धरून डाव्या बाजूला आणलं.

“हे तुम्ही शिकवलंत?”

मी कबूल केलं. करणार काय?

“मला वाटलं, कुणी बुडतंय. मग माझं नाव ऐकू आलं.” त्यांनी सायकलची किल्ली खिशात टाकली. “तीस वर्षांत मी तिचा हा आवाज ऐकला नव्हता, मीनल-सान. आज ऐकला, आणि तो मला पुन्हा ऐकायचाय. मी त्यांना नाही कळवलंय.”

ती बिचारी घसा बसेपर्यंत ओरडली ती यांना मोकळं करायला, आणि तिच्या ओरडण्यानंच हे अडकले. आणि शिकवणारी कोण, तर मी. मी म्हटलं, “तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात.”

“काही मोठं मन नाही,” ते एकदम तोडून बोलले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं. “मला वाजवायचं होतं. अजूनही वाजवायचंय. सात वर्षं रोज वाट बघितलीय. मला राग आलाय, वाईट वाटतंय, रात्री झोप लागत नाही. उगाच मला देव्हाऱ्यात बसवू नका.”

काझुको-सान तर दोन दिवस त्यांच्याशी बोलल्याच नाहीत. ऐकू येणारा कान जपून ठेवला आणि ऐकायला काही नाही, अशी त्या घराची गत झाली. तिसऱ्या दिवशी खालून एक खणखणीत हाक आली, “नॉर्मान, जेवण!” आणि अख्ख्या जिन्यातली दारं किलकिली झाली. लिफ्टमध्ये सूचना लागेल म्हणून मी आठवडाभर पाहत होते. लागली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी नॉर्मन-सान दुपारीच सभागृहात गेले. त्या तरुण मुलाला ढोल लावून द्यायचे होते, काही गाणी समजावून सांगायची होती. सुरू व्हायच्या आत बाहेर पडायचं, असं काझुको-सानशी ठरलेलं. आम्हा दोघांना त्यांनी तिकिटं दिली होती. अनिरुद्ध तीन तास आधी जाऊन रांगेत उभा राहिला. मी मुलीला मैत्रिणीकडे सोडून निघाले आणि उशीर झाला तो झालाच. त्या आठवड्याअखेर आमचं परतीचं विमान होतं, आवराआवरीत मला घड्याळ बघायला फुरसत नव्हती. मी पोचले तेव्हा बाहेर शुकशुकाट होता. काळे टीशर्ट घातलेली सगळी गर्दी आत गेलेली.

मी जिन्याच्या पायऱ्या चढणार, तोच बाजूच्या दारातून नॉर्मन-सान बाहेर आले. कानांवर रस्ता खोदणारे कामगार घालतात तसली मोठी पिवळी झाकणं. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात आत सुरू झालं. भिंतीबाहेर गाणं कसलं, नुसता हादरा येत होता, तो माझ्या चपलांमधून वर आला. नॉर्मन-सान जागच्या जागी थांबले. त्यांनी एक तळवा सिमेंटच्या खांबावर टेकवला, डोळे मिटले, आणि त्यांच्या दोन्ही टाचा हलायला लागल्या. आधी हळू. मग दोन्ही टाचा फूटपाथवर अशा पडायला लागल्या की आतला हादरा कुठला आणि यांचा कुठला हे मला कळेना. व्हिडिओतला तो माणूस माझ्यासमोर उभा होता. गालांवरून पाणी वाहत होतं आणि टाच एकदाही चुकत नव्हती. मला ते संगीत तेव्हाच काय ते कळलं.

रस्त्यापलीकडे सिग्नलपाशी काझुको-सान उभ्या होत्या. घ्यायला आल्या होत्या. त्यांना ते दिसले. ते पुन्हा आत जाणार असं त्यांना वाटलं, की ऐकू येणं आत्ताच गेलंय असं वाटलं, कोण जाणे. त्यांनी मुठी आवळल्या आणि त्या चार पदरी रस्त्यावरून, गाड्यांच्या आवाजावरून, हाक आली. “नॉऽऽर्मान!” फूटपाथवरची माणसं वळून बघायला लागली.

नॉर्मन-सान वळले नाहीत. गेला का कान? मी पुढे होणार, इतक्यात त्यांनी डोळे न उघडता, टाचा न थांबवता, मोकळा हात वर केला आणि एक बोट दाखवलं. थांब. एवढं संपू दे.

काझुको-साननी हाक मारायला उघडलेलं तोंड मिटलं. सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. त्या जागच्या हलल्या नाहीत. गाणं संपल्यावर नॉर्मन-साननी खांबावरचा हात काढला, बाहीनं तोंड पुसलं आणि सिग्नलची वाट बघून रस्ता ओलांडला.